आरोपी कोणाचा?

२१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या बाराही आरोपींची शिक्षा रद्द केली. बरोबर दहा दिवसांनी, ३१ जुलैला, मुंबईतल्याच एनआयएच्या विशेष न्यायालयाने २००८ च्या मालेगाव बॉम्बस्फोटातल्या सातही आरोपींना निर्दोष सोडले. दोन्ही खटल्यांत सुरुवातीचा तपास राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाचा होता. दोन्हींत मोक्का लागला होता. दोन्हींत आरोपींनी कोठडीत मारहाण झाल्याची तक्रार केली होती आणि दोन्हींत पुरावा न्यायालयाला पुरेसा वाटला नाही.

प्रतिक्रिया मात्र आरसा धरल्यासारख्या उलट्या आल्या. पहिल्या निकालाने धक्का बसलेल्यांना दुसऱ्यात सत्याचा विजय दिसला. पहिल्या वेळी ‘त्यांची एकोणीस वर्षे कोण परत देणार?’ असे विचारणारे दुसऱ्या वेळी ‘मग मालेगावच्या सहा जणांना मारले कोणी?’ असे विचारू लागले. हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण दोन्ही निकालांच्या वेळी दोन्ही प्रश्न विचारणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती.

आरोपीच्या हक्कांबद्दल आपले मत कशावरून ठरते? विचारसरणीवरून, अनुभवावरून, की आरोपीचे आडनाव बघून? मुंबईच्या उपनगरांत या प्रश्नाची उत्तरे शोधायला फार लांब जावे लागत नाही.

कायद्यातला आरोपी

बोलीभाषेत आपण आरोपी आणि गुन्हेगार हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. बातमीत तर अटकेच्या दिवशीच ‘नराधम’ येतो. कायद्याच्या लेखी आरोपी म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे तो, बस्स. त्याला मिळणारे मुख्य हक्क असे:

- अटक का केली ते त्याला सांगितलेच पाहिजे (अनुच्छेद २२). वरळीच्या बीएमडब्ल्यू अपघातातल्या आरोपीच्या अपिलावर ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी स्पष्ट केले. गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणे लेखी आणि अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत दिली पाहिजेत.
- प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे हजर केले पाहिजे.
- आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता आला पाहिजे.
- स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही (अनुच्छेद २०).
- पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब एरवी पुरावा ठरत नाही.
- गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची. आपण निर्दोष आहोत हे आरोपीने सिद्ध करायचे नसते.

कागदावरचे हे हक्क प्रत्यक्षात कसे दिसतात ते पाहायचे तर अंधेरी, बोरिवली किंवा मुलुंडच्या न्यायालयात रिमांडच्या वेळेला जाऊन बसावे. बाकाच्या कडेला चप्पल सावरत उभा असलेला मुलगा, त्याचा हात धरून शिपाई, मागे पिशवीत डबा घेऊन आलेली आई. तपास अधिकारी पीसी मागतो, म्हणजे पोलीस कोठडी. वकील एमसी मागतो, म्हणजे न्यायालयीन कोठडी. मॅजिस्ट्रेट विचारतात, “पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे?” मुलगा आधी शेजारच्या शिपायाकडे बघतो, मग म्हणतो, “नाही.” नोंद होते : तक्रार नाही. सगळे दोन-तीन मिनिटांत उरकते. ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची, त्याच्याच ताब्यात परत जायचे असते. हक्क आणि वस्तुस्थिती यांच्यातले अंतर त्या एका नजरेत मावते.

दोन विचार, दोन धास्त्या

हर्बर्ट पॅकर या अमेरिकी कायदेपंडिताने १९६४ मध्ये फौजदारी न्यायाची दोन प्रारूपे मांडली. एकाचा भर गुन्ह्याला आळा घालण्यावर, दुसऱ्याचा रीतसर प्रक्रियेवर. पहिल्या विचाराला न्यायव्यवस्था कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यासारखी हवी असते : इकडून आरोपी घाला, तिकडून निकाल काढा. दुसऱ्याला ती अडथळ्यांची शर्यत हवी असते आणि प्रत्येक अडथळ्यापाशी सरकारने थांबून पुरावा दाखवावा असे वाटते. पहिल्याची धास्ती ही की गुन्हेगार सुटेल. दुसऱ्याची ही की निरपराध अडकेल.

अमेरिकेत हे दोन विचार पक्षांनी जवळजवळ वाटून घेतले. १९६६ च्या मिरांडा निकालाने चौकशीआधी आरोपीला गप्प राहण्याचा हक्क सांगणे बंधनकारक केले. दोनच वर्षांनी रिचर्ड निक्सन यांनी ‘कायदा आणि सुव्यवस्था’ हा निवडणुकीचा मुद्दा केला. तेव्हापासून ढोबळमानाने उजवे पहिल्या बाजूला आणि उदारमतवादी दुसऱ्या बाजूला अशी विभागणी दिसते.

हाच साचा महाराष्ट्राला लावायला गेले की तो ठिकठिकाणी उसवतो.

घटना समितीतली तडजोड

हा वाद आपल्याकडे संविधानाइतकाच जुना आहे. माणसाचे स्वातंत्र्य ‘योग्य कायदेशीर प्रक्रियेशिवाय’ हिरावता येणार नाही असे लिहायचे, की ‘कायद्याने प्रस्थापित केलेल्या पद्धतीशिवाय’ असे? दुसऱ्या शब्दयोजनेत कायदेमंडळ जो कायदा करील तो चालणार होता. मुंबई इलाख्याचे गृहमंत्रिपद सांभाळलेले कन्हैयालाल मुनशी पहिल्या शब्दयोजनेसाठी भांडले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पोलीस खाते आतून पाहिलेला माणूस पोलिसांवर लगाम हवा म्हणत होता. मंजूर झाली ती दुसरी शब्दयोजना.

त्यावर समितीत आणि बाहेरही नाराजी राहिली. म्हणून १५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक नवे कलम मांडले. अटकेचे कारण, वकील आणि २४ तास हे तीन हक्क त्यातूनच घटनेत आले. तेच आजचे अनुच्छेद २२. त्याच अनुच्छेदाच्या पुढच्या भागात प्रतिबंधक स्थानबद्धतेलाही जागा आहे. म्हणजे हक्क आणि त्यांचा अपवाद हे दोघेही घटनेत एकाच छताखाली राहायला आले.

कायदा करणारे आणि कायद्यात सापडणारे

पुढे प्रत्येक पक्षाने सत्तेत असताना त्या अपवादाची खोली वाढवली आणि विरोधात गेल्यावर तिच्या भिंतीवर डोके आपटले.

१९७१ मध्ये काँग्रेस सरकारने मिसा हा स्थानबद्धतेचा कायदा आणला. आणीबाणीत त्याखाली संघ-जनसंघाचे कार्यकर्ते आणि समाजवादी एकाच तुरुंगात गेले. गोरेगावच्या ‘पाणीवाली बाई’ मृणाल गोरे त्यांतल्याच एक. १९७७ मध्ये त्या उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या. ज्या उच्च न्यायालयांनी मिसाबंद्यांचा दाद मागण्याचा हक्क मान्य केला, त्यांत मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठही होते. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ते दार बंद केले. बहुमतात न्या. यशवंतराव चंद्रचूड होते. २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या निकालात तो निर्णय चुकीचा ठरवणाऱ्या घटनापीठावर त्यांचेच चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड होते.

१९८५ मध्ये आलेला टाडा हा दहशतवादविरोधी कायदाही काँग्रेसचाच. १९९३ मध्ये त्याच कायद्याखाली संजय दत्त पकडला गेला, तेव्हा त्याचे वडील सुनील दत्त वायव्य मुंबईचे काँग्रेसचे खासदार होते. मुलासाठी ते मातोश्रीच्या पायऱ्या चढले आणि गुन्हेगारांबद्दल एरवी अत्यंत कठोर बोलणारे बाळासाहेब ठाकरे संजयच्या बाजूने उभे राहिले. टाडाचे आरोप पुढे टिकले नाहीत. शिक्षा झाली ती शस्त्र कायद्याखाली.

१९९९ मध्ये शिवसेना-भाजप युती सरकारने टोळीयुद्ध मोडण्यासाठी मोक्का आणला. त्याच्या कलम १८ नुसार पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा ठरतो. कलम २१ मुळे जामीन जवळजवळ अशक्य होतो. २००२ मध्ये रालोआ सरकारने संसदेचे संयुक्त अधिवेशन बोलावून पोटा हा नवा दहशतवादविरोधी कायदा मंजूर करून घेतला. काँग्रेसने विरोध केला. सत्तेत आल्यावर २००४ मध्ये तिने पोटा रद्द केला आणि त्यातल्या बऱ्याच तरतुदी बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात, म्हणजे यूएपीएत, आणून बसवल्या. २६/११ नंतर महिन्याभरात यूएपीए आणखी कडक झाला आणि तेव्हा भाजपचाही त्याला पाठिंबा होता.

सगळ्यांत बोलके उदाहरण मालेगावचे. २००८ मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादी सरकारच्या काळात साध्वी प्रज्ञासिंह ठाकूर, लेफ्टनंट कर्नल पुरोहित आणि इतरांना मोक्का लागला. लावला गेला तो युतीने आणलेलाच कायदा. कोठडीतला छळ, दबावाखालचे जबाब, वर्षानुवर्षांचा तुरुंगवास हे शब्द तेव्हा उजव्या बाजूच्या तोंडी आले. ते शब्द खोटे होते असे नाही. २००६ च्या मालेगाव स्फोटात पकडलेल्या आणि २०१६ मध्ये आरोपमुक्त झालेल्या नऊ मुस्लिम तरुणांच्या कुटुंबांच्या तोंडीही तेच शब्द होते.

अलीकडचा हिशेबही असाच आहे. मिसाबंद्यांसाठी २०१८ मध्ये फडणवीस सरकारने सुरू केलेले मानधन २०२० मध्ये महाविकास आघाडीने बंद केले आणि २०२२ मध्ये शिंदे सरकारने पुन्हा सुरू केले. आघाडीच्या काळात अर्णब गोस्वामी आणि खारला राहणारे राणा दाम्पत्य यांना अटक झाली, तेव्हा भाजपला व्यक्तिस्वातंत्र्य आठवले. एल्गार परिषद प्रकरणातले ८४ वर्षांचे आरोपी फादर स्टॅन स्वामी जामिनाची वाट पाहत ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या रुग्णालयात वारले, तेव्हा तेच स्वातंत्र्य इतरांना आठवले. जुलै २०२५ मध्ये जनसुरक्षा विधेयक विधिमंडळात मंजूर झाले, तेव्हा विरोधकांनी गैरवापराची भीती बोलून दाखवली. यूएपीए कडक करताना हीच भीती दुसऱ्यांनी त्यांना बोलून दाखवली होती.

चकमक : लोखंडवाला ते वर्सोवा

अंधेरीच्या लोखंडवाला संकुलातल्या स्वाती इमारतीला १६ नोव्हेंबर १९९१ रोजी पोलिसांनी वेढा घातला. माया डोळससह सात गुंड भरदिवसा मारले गेले. पुढे त्यावर सिनेमा निघाला. नव्वदच्या दशकात खंडणीचे फोन येणाऱ्या व्यापाऱ्यांना आणि बिल्डरांना, खटले चालून सुटणारे गुंड पाहून वैतागलेल्या मध्यमवर्गाला चकमक हाच न्याय वाटू लागला. ‘गेम केला’ हे शब्द गुंडांकडून पोलिसांकडे आणि पोलिसांकडून आपल्या दिवाणखान्यात आले.

१९९५ ते ९७ या काळात मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकींत १३५ जण मारले गेले. त्याविरुद्ध पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेने लढलेल्या प्रकरणात २३ सप्टेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चकमकीनंतर तपास कसा करायचा याचे १६ नियम घालून दिले.

वर्सोव्याचे प्रकरण या इतिहासाला कलाटणी देणारे ठरले. ११ नोव्हेंबर २००६ रोजी रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया याला वाशीतून उचलले आणि त्याच संध्याकाळी नाना-नानी पार्कजवळ चकमकीत ठार झाल्याचे दाखवले. त्याचा भाऊ वकील होता. भावाला उचलल्याचे कळताच त्याने पोलीस अधिकाऱ्यांना तारा आणि फॅक्स पाठवले. मृत्यूच्या आधीच्या वेळेचे ते कागद पुढे पोलिसांच्या कहाणीला भारी पडले. २०१३ मध्ये १३ पोलिसांसह २१ जणांना जन्मठेप झाली. १९ मार्च २०२४ रोजी उच्च न्यायालयाने खालच्या न्यायालयात सुटलेले पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा यांनाही दोषी ठरवले. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अंतरिम दिलासा दिला. मधल्या काळात, २०१९ मध्ये, शर्मा शिवसेनेचे नालासोपाऱ्याचे उमेदवार झाले होते. त्याआधी, डिसेंबर २०१५ मध्ये, युती सरकारने शिक्षा झालेल्या ११ पोलिसांची शिक्षा सहा महिन्यांसाठी स्थगित केली होती. तो निर्णय उच्च न्यायालयाने नंतर रद्द केला.

भाऊ वकील नसता तर? तारेची पावती जपून ठेवण्याइतके भान नसते तर? लखनभैया गुन्हेगार होता की नव्हता हा प्रश्न इथे येतच नाही. तो ठरवण्याचे काम नाना-नानी पार्कचे नव्हते.

सोळा नियमांचा निकाल लागला त्याला बरोबर दहा वर्षे झाली त्या दिवशी, २३ सप्टेंबर २०२४ रोजी, बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरील अत्याचाराच्या प्रकरणातला आरोपी अक्षय शिंदे पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. मुंबईत ‘बदला पुरा’ असे फलक लागले. महिन्याभरापूर्वी आरोपीला तत्काळ फाशीची मागणी करणाऱ्या गर्दीच्या सुरात सूर मिसळणारे विरोधक आता कायद्याच्या राज्याबद्दल बोलू लागले. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पाच पोलीस जबाबदार ठरले.

घाटकोपरचा ख्वाजा युनूस

२ डिसेंबर २००२ रोजी घाटकोपर स्थानकाबाहेर बेस्टच्या बसमध्ये स्फोट झाला. दोन जण गेले. त्या महिन्याच्या अखेरीस परभणीचा २७ वर्षांचा अभियंता ख्वाजा युनूस याला पोटाखाली पकडण्यात आले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार, जानेवारी २००३ मध्ये त्याला औरंगाबादकडे नेताना पारनेरजवळ गाडीला अपघात झाला आणि तो पळाला. सहआरोपींनी सांगितले की घाटकोपरच्या कोठडीत त्याला मारताना त्यांनी पाहिले. उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीआयडीने तपास केला. पळून गेल्याची कहाणी बनावट ठरली आणि सचिन वाझे यांच्यासह चार पोलिसांवर खटला दाखल झाला. २००५ मध्ये स्फोटाच्या खटल्यातले उरलेले आरोपी सुटले. ज्या गुन्ह्यासाठी युनूस कोठडीत होता, तो कोणाहीविरुद्ध सिद्ध झाला नाही.

वाझे २००४ मध्ये निलंबित झाले, २००८ मध्ये शिवसेनेत गेले आणि जून २०२० मध्ये, महाविकास आघाडीच्या काळात, पुन्हा सेवेत आले. मार्च २०२१ मध्ये एनआयएने त्यांनाच अटक केली. आता तेही आरोपी आहेत. अटकेचे कारण, वकील, २४ तास हे सगळे हक्क त्यांनाही आहेत आणि असायलाच हवेत.

पारडे फिरते तेव्हा

इथवर वाचून वाटेल, की डावे-पुरोगामी तेवढे आरोपीच्या बाजूचे. तसेही नाही.

१९७२ मध्ये विदर्भातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी बलात्कार केल्याचा खटला झाला. मथुरा प्रकरण या नावाने ते ओळखले जाते. उच्च न्यायालयाने दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. संशयाचा फायदा आरोपीला, हे तत्त्व तिथे आरोपी पोलिसांच्या कामी आले. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर स्त्री चळवळ उभी राहिली. १९८३ मध्ये कायदा बदलला : कोठडीतल्या बलात्कारात स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने ते गृहीत धरायचे. इथे आरोपीचे संरक्षण कमी करण्याची मागणी पुरोगामी बाजूची होती आणि तिला सबळ कारण होते.

अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचेही तसेच. त्याचे कलम १८ अटकपूर्व जामीन नाकारते. कराडच्या औषधनिर्माण महाविद्यालयातून उद्भवलेल्या प्रकरणात २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तात्काळ अटकेला लगाम घातला. निरपराधांना त्रास होतो, हे त्यामागचे कारण होते. दलित संघटनांनी २ एप्रिलला भारत बंद पुकारला आणि ऑगस्टमध्ये संसदेने कायदा पूर्ववत केला. त्याच्या दोन वर्षे आधी निघालेल्या मराठा मोर्चांत एका बाजूला कोपर्डीच्या बलात्कार-खून प्रकरणातल्या आरोपींना फाशीची मागणी होती, दुसऱ्या बाजूला अ‍ॅट्रॉसिटीचा गैरवापर थांबवण्याची. एकाच मोर्चात एका आरोपीला दोर आणि दुसऱ्याला संरक्षण.

यात केवळ दुटप्पीपणा पाहणे अन्याय होईल. ज्याने पोलीस ठाण्यात फिर्यादच घेतली जात नाही हे भोगले आहे, त्याला कायदा कडक हवा असतो. ज्याच्या मोहल्ल्यातून दर स्फोटानंतर मुले उचलली जातात, त्याला पोलिसांवर लगाम हवा असतो. विचारसरणी बरेचदा या अनुभवांवर चढवलेला अंगरखा असतो.

वकीलपत्र आणि बिर्याणी

२६/११ नंतर कसाबचे वकीलपत्र घ्यायचे नाही असा ठराव मुंबईतल्या वकिलांच्या एका संघटनेने केला. न्यायालयाने नेमलेल्या अंजली वाघमारे यांच्या घरावर शिवसैनिकांचा मोर्चा गेला. अखेर अब्बास काझमी आणि नंतर के. पी. पवार यांनी बचाव चालवला. अशा बहिष्काराचे ठराव बेकायदा आहेत असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये एका वेगळ्या प्रकरणात सांगितले. कसाबला २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी झाली. ती देताना कोणाला मान खाली घालावी लागली नाही, कारण खटला रीतसर चालला होता. त्याच खटल्यात कसाबबरोबर उभे केलेले फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद तिन्ही न्यायालयांत निर्दोष ठरले. वकील मिळाला नसता तर तेही फासावर गेले असते, की जन्मभर तुरुंगात राहिले असते, कोण जाणे.

फहीमचे वकील शाहिद आझमी यांना ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यातल्या त्यांच्या कार्यालयात गोळ्या घालून मारले गेले. तरुणपणी त्यांनी स्वतः टाडाखाली तुरुंगवास भोगला होता आणि तिथेच शिक्षण पुढे नेले होते.

याच खटल्याने आपल्या राजकारणाला एक पदार्थ दिला : कसाबची बिर्याणी. आरोपीचे लाड म्हटले की आजही तिचेच नाव निघते. २०१५ मध्ये विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी जाहीरपणे सांगितले, की कसाबने बिर्याणी मागितली नव्हती आणि त्याला ती दिलीही नव्हती. त्याच्याविषयी निर्माण होणारी सहानुभूती मोडण्यासाठी आपणच ते रचले होते. २०२४ मध्ये निकम भाजपतर्फे उत्तर मध्य मुंबईतून लढले आणि हरले. पुढच्या वर्षी ते राष्ट्रपतिनियुक्त खासदार म्हणून राज्यसभेत गेले. बिर्याणी मात्र अजूनही प्रचारात शिजतेच आहे.

झोपडपट्टीदादा आणि जामीनदार

पक्षांपेक्षा जुनी एक विभागणी आहे, ती वर्गाची. महाराष्ट्राचा १९८१ चा स्थानबद्धता कायदा, म्हणजे एमपीडीए, त्याच्या मराठी नावातच ‘झोपडपट्टीदादा’ हा शब्द आहे. गुन्हा बाजूलाच, पत्ताच कायद्याच्या मथळ्यात गेला. मलबार हिलच्या दादासाठी असा वेगळा शब्द नाही.

मुलुंडच्या किंवा घाटकोपरच्या टेकडीवरच्या वस्तीतला मुलगा किरकोळ चोरीत सापडला की जामीन मंजूर होऊनही आत राहू शकतो, कारण जामीनदार हवा, त्याची कागदपत्रे हवीत, पत्त्याचा पुरावा हवा. भाड्याच्या खोलीतल्या माणसाकडे हे कुठून येणार? देशातल्या तुरुंगांत दर चारांपैकी सुमारे तीन जण कच्चे कैदी असतात, म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही असे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ म्हणते, की पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला सोडावे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले आरोपी याला अपवाद आहेत.

इथे सगळ्या पक्षांचे एकमत आहे. या कैद्यांबद्दल कोणीच बोलत नाही.

आणि पीडितांचे काय?

आरोपीच्या हक्कांची गोष्ट निघाली की हा प्रश्न येतोच आणि यायलाच हवा. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी अकरा मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या सात गाड्यांत स्फोट झाले. जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोडकडे घरी निघालेली १८० हून अधिक माणसे परतली नाहीत. त्यांच्या कुटुंबांना १९ वर्षांनी काय मिळाले?

उच्च न्यायालयाच्या निकालात उत्तराचा एक भाग आहे. कबुलीजबाब छळ करून घेतल्याचे न्यायालयाला दिसले. वेगवेगळ्या आरोपींच्या जबाबांतले मजकूर जसेच्या तसे सारखे होते. ओळखपरेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला ती घेण्याचा अधिकारच नव्हता. काही साक्षीदार शंभराहून अधिक दिवसांनी पुढे आले होते. २४ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने या निकालाचा दाखला म्हणून वापर थांबवला, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही. अंतिम शब्द अजून यायचा आहे. तो काहीही आला, तरी एक गोष्ट उरते. जबाब कोऱ्या मनाने, रीतसर घेतले असते, तर आज कोणी सुटले असते तर ते निर्दोष म्हणूनच, आणि अडकले असते तर पक्के अडकले असते. आरोपीचे हक्क मोडून मृतांच्या कुटुंबांचा फायदा झाला नाही. त्यांचाच खटला पोकळ झाला.

स्वतःला विचारायचा प्रश्न

म्हणून पुढच्या वेळी सोसायटीच्या ग्रुपवर ‘ठोकून टाका’ असा संदेश आला, किंवा ‘बिचाऱ्याला गोवले आहे’ असा आला, तर फक्त आरोपीचे नाव बदलून तो पुन्हा वाचावा. दुसऱ्या पक्षाचा, दुसऱ्या जातीचा, दुसऱ्या धर्माचा आरोपी तिथे ठेवला तरी मत तेच राहते का? राहिले, तर ती विचारसरणी. बदलले, तर ती आपुलकी किंवा राग. दोन्ही माणसाला असतात, पण त्यांच्यावर कायदा चालवू नये.

आणि कोणाच्याही घरी वेळ आली तर हे ठाऊक असावे : कोठडीत असलेल्या प्रत्येकाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे. विधी सेवा प्राधिकरणाचा दूरध्वनी क्रमांक आहे १५१००.